हवेतल्या माणसाला हाक मारू नये

"हळू बोल जरा. तो आत झोपलाय."

"झोपलेला नाही, बसलाय. मी आत्ताच डोकावून आले. पलंगाच्या काठावर ताठ बसलाय, गुडघे जवळ घेऊन. आणि मुळात तो आत असूच शकत नाही, ताई. तो आत्ता समुद्रावर आहे."

"माझं लेकरू माझ्या घरात बसलंय आणि तू मला सांगतेस समुद्रावर आहे!"

"अकरा हजार किलोमीटर आहेत. तेरा तास लागतात. चार तासांत कुणी येत नाही. वाऱ्याने पाठीत ढकललं तरी येत नाही."

"तुझा हिशेब चुकला असेल, छोटे."

"माझा?"

आई ओट्याकडे वळली आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात बिस्किटांची बशी. आत नेऊ की नको, ते आई आणि मावशी दोघींपैकी कुणीच सांगेना.

मावशीच्या बाकी कुठल्याही गोष्टीवर विसंबू नये. चष्मा डोक्यावर चढवून ती तोच चष्मा घरभर शोधते. गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला जाते. माझ्या वाढदिवसाचा फोन तिने आजवर एकदाही बरोबर दिवशी केलेला नाही. पण कुठल्या विमानतळापासून कुठला विमानतळ किती लांब आणि तिथवर जायला किती वेळ, यात तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तिचं कामच ते. बसस्टँडसमोरच्या इमारतीत, तळमजल्यावर, विमानाची तिकिटं काढून देणारी एक कचेरी होती. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा. तिथल्या काचेच्या काउंटरमागे मावशीने हयात काढली. स्वतः मात्र ती विमानात कधीच बसली नाही. कुणी छेडलं तर म्हणायची, "सगळेच वर गेले तर खाली लक्ष कोण ठेवणार?"

काउंटरवर तिचा पृथ्वीचा गोल असायचा, फुटबॉलएवढा. बोट फिरून फिरून त्यावरचे समुद्र पांढुरके पडले होते. आणि खणात मेण लावलेला एक लाल दोरा, त्यात ओवलेला एकच मणी. गिऱ्हाईक यायचं, समोर टांगलेल्या नकाशाकडे बघून हमखास भांडायचं.

"बाई, विमान असं वरून वळसा घालून का नेतात हो? सरळ न्या की!"

मावशी दोरा काढायची. "हे टोक धरा. जिथून निघायचं तिथे ठेवा बोट. दाबून धरा, सोडायचं नाही." दुसरं टोक ती स्वतः उतरायच्या गावावर धरायची आणि दोरा ताणायची. ताणला की तो आपोआप वर सरकायचा, पृथ्वीच्या टकलाजवळून, पांढऱ्या रंगाच्या कडेकडेने. "ही बघा सरळ वाट. कागद सपाट असतो. जमीन नसते."

"अरे बापरे! म्हणजे आम्ही बर्फावरून जाणार?"

"तुम्ही झोपलेले असाल."

बाजारात तिला 'दोरेवाल्या बाई' म्हणायचे. ज्यांची मुलं-माणसं विमानात बसलेली असायची त्या आया घरी जीव रमेना म्हणून काउंटरसमोरच्या बाकावर येऊन बसायच्या. मावशी त्यांच्यासाठी मधूनमधून मणी पुढे सरकवायची.

"आता कुठे पोचला हो माझा?"

"इथे."

"म्हणजे खाली काय असेल?"

"पाणी."

पुन्हा थोड्या वेळाने, "आता खाली काय?"

"अजून पाणीच, आजी. पाणी फार आहे."

आणि तिकीट हातात देताना, प्रवाशाला नव्हे, त्याच्या घरच्यांना ती एक गोष्ट आवर्जून सांगायची. पोचल्याचा फोन येईपर्यंत त्याला नावाने हाक मारायची नाही. नाव सोडा, लाडाचं टोपणनावही नाही. बोला त्याच्याबद्दल हवं तेवढं, पण हाक नको. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "हवेतल्या माणसाला हाक मारू नये. तो खाली बघतो." माणसं हसायची. पण न मारलेल्या हाकेला काही कष्ट पडत नाहीत, म्हणून बहुतेक जण पाळायचे.

आमच्या घरात तर तो कायदाच होता. आपलं माणूस विमानात असलं की दिवसभर सगळं 'तो' आणि 'ती'. लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच घरांत असं असतं, जसा सगळ्यांच्या घरी एक काका असतो.

मावशीचे यजमान, आमचे काका, मोठमोठी यंत्रं बसवून देण्याच्या कामावर होते. माझ्या जन्माआधी ते असेच एकदा लांबच्या देशात गेले आणि परत आले, त्यानंतर कुठेही गेले नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. कोपर अंगाला चिकटवून जेवायचे, शेजारी कुणी नसलं तरी. बुटांच्या नाड्या कायम सैल. मधेच जबडा उघडून कान मोकळे केल्यासारखं करायचे. आणि काहीही विचारलं की आधी नुसते बघायचे, मग बऱ्याच वेळाने उत्तर. दादा म्हणायचा, "काकांचा ट्रंक कॉल लागतोय, थांबा." आम्ही पोटं धरून हसायचो. मावशीचे केस पिकले, पाठ वाकली. काकांचा एक केस पांढरा झाला नाही. आई म्हणायची, रंग लावत असतील. काका आणि रंग! ज्या माणसाने अंगावरचा निळा स्वेटर बदललेला मी पाहिला नाही!

तर त्या दिवशी पहाटे दादाचा फोन आला. मीच घेतला.

"बसलो गं. दार लागलं. फोन बंद करा म्हणतायत. आईला सांग, आज संध्याकाळी मी घरी जेवणार."

सहा वर्षांनी येत होता. मधल्या काळात बाबा गेले, तेही त्याने फोनच्या पडद्यावर पाहिलं. तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. त्या दिवशी आई त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. नंतर बोलली, रोज बोलायची, पण त्या एका दिवसाचं काहीतरी तिच्या घशात अडकूनच राहिलं होतं.

उजाडल्यावर मावशी आली. कापडी पिशवीत गोल, मागे काका. काका बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसले. मावशीने गोल जेवणाच्या टेबलावर ठेवला, दोरा ताणून चिकटपट्टीने चिकटवला आणि मणी मार्गाला लावला. मी माझ्या फोनवर तेच बघत होते, नकाशावर एक इवलंसं विमान मुंगीसारखं चाललेलं. मावशीने एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर चाललंय. माझ्या मण्याच्या मागोमाग आहे."

आई सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होती. दादाची खोली दोनदा झाडली. मग नवी चादर घालायला घेतली. आमची टेबलाशी काहीतरी थट्टा चालली होती, आणि तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. दादाच्या शाळेच्या दिवसांत रोज सकाळी लागायचा तोच सूर, तीच पट्टी.

"ठोंब्याऽऽ! ऊठ रे! ऊन पाठीवर आलं!"

खोली रिकामी होती, हे तिलाही ठाऊक होतं. सहज, आनंदाच्या भरात, उद्याची तालीम करावी तशी तिने हाक मारली.

मावशीचं बोट गोलावर होतं तिथेच राहिलं. आई दारात आली, चादरीचं टोक हातात, चेहरा पांढराफटक. "निघून गेलं गं तोंडातून," एवढंच म्हणाली.

दारावरची घंटा वाजली.

मीच उघडलं. समोर दादा. खांद्याला एक बॅग, अंगात जाड कोट. मागे जिन्यावर लख्ख ऊन पडलेलं, आणि त्याच्या कोटातून गारठा येत होता, फ्रीजचं दार उघडल्यावर येतो तसा.

"दादा! तू कसा काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ओळखलं नाही की काय. मग म्हणाला, "आई हाक मारत होती."

आईने पुढचं काही ऐकलंच नाही. ती धावली, त्याला मिठी मारली, त्याचा चेहरा हातांत धरून रडायला लागली. "किती गार पडलायस रे! बाहेर थंडी असेल!" बाहेर लोक छत्र्या डोक्यावर धरून उन्हातून चालले होते. दादा तिच्यावरून पलीकडे बघत होता, खिडकीत बसलेल्या काकांकडे. काकांनी त्याला किंचित मान हलवली. त्यानेही हलवली. पहिल्यांदाच शेजारी आलेले दोन प्रवासी हलवतात तशी.

माझ्या फोनवर ते विमान अजून चाललेलंच होतं, खाली निळं, वर थोडं पांढरं. मी दादाच्या नंबरवर 'कुठे आहेस?' असं लिहून पाठवलं. आत त्याच्या बॅगेत काही वाजलं नाही. माझ्या शब्दांपुढे एकच बारीक खूण उमटली, निरोप पोचला नसल्याची.

आणि तेव्हापासून या दोघींचं जुंपलं होतं.

"चहा निवतोय," मी म्हणाले.

"जा, दे त्याला," आई म्हणाली.

"दे, आणि नीट बघ," मावशी म्हणाली.

मी आत गेले. दादाने कप घेतला. कोपर अंगाला चिकटवलेलं. एक घोट घेतला आणि कप समोर ठेवायला गेला, हवेतच, छातीपुढे, जिथे काहीच नव्हतं. मी पटकन हात पुढे करून तो धरला.

"चांगला झालाय ना?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

तो बघत राहिला. बाहेर एक स्कूटर सुरू होईना, कुणीतरी किक मारत होतं. पाच-सहा किका मारून झाल्या.

"छान आहे," दादा म्हणाला. मग त्याने जबडा उघडून कान मोकळे केले.

हे सगळं मी आधी पाहिलं होतं. जन्मभर पाहिलं होतं, आणि त्यावर पोट धरून हसले होते.

मी बाहेर आले तेव्हा आईचा आवाज चढला होता. "आणि बाहेर खिडकीत बसलेत ते कोण आहेत मग? बोल की! तुझेही असेच आले होते. भर दुपारी, विमान अजून वाटेत असताना. तू ठेवून घेतलेस. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, छोटे, विमान तर उतरलं, मग त्यातून हे का नाही उतरले? तू काय म्हणालीस? म्हणालीस, ताई, गप्प बस, घरी आलेत ना? तुला चाललं, आणि मी ठेवला की पाप?"

मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, खाली, फार खाली काहीतरी असावं तसं.

मावशी चिडली नाही. तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली.

"ठेवले म्हणूनच सांगतेय. त्यांची बॅग उतरली होती. विमानतळावरच्या पट्ट्यावर फिरत राहिली, मग तिथल्या माणसाने घरी आणून दिली. त्यात माझ्यासाठी आणलेली साडी होती, ताई, मी अजून घडी मोडली नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. काय आहे माझ्या घरात? शेजारच्या सीटवरचा माणूस. सभ्य आहे. धक्का लागला तर 'सॉरी' म्हणतो. मी आजारी पडले तर बघतो, मी रडले तर बघतो. अंगावर पांघरूण घेऊन बसल्या बसल्या डोळे मिटतो. म्हातारा होत नाही. मी मरेन तेव्हाही असाच बसलेला असेल, आणि मग त्याच्याकडे कोण बघणार, ते मला कळत नाही."

आई ओट्याला टेकून उभी राहिली.

"विमान उतरेपर्यंत जागा असते," मावशी म्हणाली. "तोवर सीट त्याची आहे, परत जाऊन बसता येतं. एकदा चाकं टेकली की मग जायला कुठे काही उरतच नाही. जन्मभर मधेच. त्याला पाठव."

"मी?"

"हाक तुझी होती."

"आणि पाठवला, आणि तिकडूनही उतरला नाही तर? इथूनही गेला, तिथूनही गेला! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू? तू खात्रीने सांगतेस, उतरेल?"

मावशीने चष्मा डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, आता ती दोरा, मणी, अंतर, वेळ असं काहीतरी सांगेल.

"नाही सांगत," ती म्हणाली. "मी पाठवलं कुठे होतं? मला काय माहीत!"

आईने हात पुसले आणि सरळ दादाच्या खोलीत गेली. आम्ही दारापर्यंत गेलो, आत पाऊल टाकायची हिंमत झाली नाही.

दादा तसाच बसला होता. इतका वेळ बसूनही नव्या चादरीला एक सुरकुती नव्हती. आई त्याच्या शेजारी बसली, मधे वीतभर जागा ठेवून.

"भूक लागली असेल."

ती थांबली. वाट बघायला ती एव्हाना शिकली होती.

"देतील आत्ता," दादा म्हणाला.

"कोण देतील रे?"

आईने त्याच्या कोटाच्या बाहीवरून बोट फिरवलं. बाहीवर दंव धरलं होतं, तिचं बोट ओलं झालं.

"बाबांच्या वेळी मी तुझ्याशी बोलले नाही," ती म्हणाली. "राग तुझ्यावर नव्हता. कुणावर तरी काढायचा होता, तू लांब होतास. लांबच्या माणसावर राग काढणं सोपं असतं. तुला लागलं असेल."

वाट बघितली. खिडकीचा पडदा आत आला, बाहेर गेला.

"आवाज नीट येत नाही, आई," दादा म्हणाला. "खूप घरघर आहे."

खोलीत एवढी शांतता होती की मला मावशीचा श्वास ऐकू येत होता. भांडताना आईची मान जशी ताठ होते, तशी ती आता राहिली नव्हती. मग तिने त्याच्या कानाजवळ तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं,

"तू पोचलास का रे?"

या वेळी फार वेळ लागला. मावशीने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती.

"अजून नाही, आई."

आई हसली. रडू येतं तेव्हा तोंड जसं होतं तशी हसली. तिने त्याच्या कोटाची वरची दोन बटणं लावली, लहान मुलाला थंडीत बाहेर पाठवताना लावावीत तशी, आणि कॉलर सारखी केली.

"मग जा, बाबा. तिकडे जागेवर जाऊन बस. आधी पोच."

दादा उठला. उठताना त्याने मान खाली घातली, वर काहीतरी बुटकं असावं तशी. कपाटावरची बॅग दोन्ही हातांनी उतरवली. ती तिथे कुणी ठेवली होती, मला आठवत नाही. तो बाहेरच्या खोलीत आला तेव्हा काकांनी गुडघे एका बाजूला घेऊन त्याला वाट करून दिली. आईने त्याच्या मागोमाग येत मावशीला ढकललं, मला ढकललं.

"मी येते संध्याकाळी तिकडे. लवकरच येते, बाहेर यायच्या दारासमोर उभी राहते, म्हणजे शोधायला नको. हिरवी साडी नेसते, लांबून दिसेल. ऐकतोयस ना?"

त्याने दाराची कडी काढली.

"ठोकळ्यासारखा उभा नको राहूस, बोल काहीतरी. उतरशील ना रे? त्या दारातून बाहेर येशील ना?"

आई वाट बघत राहिली. उत्तर यायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं. दादाने दार उघडलं, उंबरा ओलांडला आणि उन्हातला जिना उतरून निघून गेला.